आमच्या साडूंची चारचाकी मोटारसायकल

आमचे साडू आईच्या पोटातून थेट मोटारसायकलवरच बसले असावेत, अशी माझी पक्की समजूत आहे. मधे पाळणा, रांगणं, शाळा वगैरे प्रकार झाले असतील, पण ते केवळ कागदोपत्री. पाच वर्षांपूर्वी त्यांनी मोटारसायकल देऊन टाकली आणि एक पांढरी जुनी कार घेतली, ही गोष्ट सगळ्या परतूर तालुक्याला माहीत आहे. मात्र ते मोटारसायकलवरून अजून खाली उतरलेले नाहीत, ही गोष्ट फक्त त्यांच्या कारमध्ये बसलेल्या माणसांना माहीत आहे, आणि त्या माणसांची संख्या हळूहळू कमी होत चालली आहे. मी अजून बसतो. एक तर मी नात्यानं अडकलेला, आणि दुसरं म्हणजे जालन्याच्या शाळेत सव्वीस वर्षं सातवीच्या वर्गाला मराठी शिकवल्यामुळे माझी भीती बऱ्यापैकी मेलेली आहे.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सरकारी भाषेत ते पशुधन पर्यवेक्षक होते आणि लोकांच्या भाषेत डॉक्टर. तेहतीस वर्षं त्यांनी परतूर, आष्टी, वाटूर या भागातली गावं मोटारसायकलवरून सांभाळली. कुणाच्या गाईला ताप, कुणाच्या म्हशीनं पान्हा चोरलेला, कुणाच्या शेळीनं प्लास्टिकची पिशवी गिळलेली, साडू निघालेच. आणि त्यांच्या मागच्या सीटवर रबरी ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळून बांधलेलं एक भांडं असे. हे भांडं समजून घेतल्याशिवाय साडू समजत नाहीत. त्यात द्रवरूप नायट्रोजन असतो आणि त्या थंडगार द्रवात जातिवंत वळूंच्या वीर्याच्या कांड्या बुडवून ठेवलेल्या असतात. भांडं कलंडलं की नायट्रोजन वाफ होऊन उडून जातो, कांड्या बाद होतात आणि माजावर आलेली गाय तशीच राहते. त्यामुळे साडूंनी ते भांडं नोकरीभर असं जपलं की बघणाऱ्यानं थक्क व्हावं. ‘आमच्या दोन्ही पोरी पाळण्यातून पडल्या, पण हे भांडं एकदा पडलं न्हाई,’ असं आक्का सांगतात.

आक्का म्हणजे साडूंच्या पत्नी, माझ्या मोठ्या मेव्हणी. मागची सीट भांड्यानं कायमची अडवलेली असल्यामुळे आक्का नवऱ्याच्या मोटारसायकलवर कधी बसल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. लग्नकार्य असो, दवाखाना असो, माहेर असो, साडू मोटारसायकलवर आणि आक्का एसटीनं. पुष्कळदा एकाच रस्त्यावर, एकाच वेळी. एसटीच्या खिडकीतून आक्कांना आधी ते भांडं दिसायचं, मग नवऱ्याची पाठ दिसायची आणि मग एसटी धुरळा उडवत पुढे निघून जायची. आक्का त्या भांड्याला सवत म्हणत. ‘उन्हाळ्यात तिच्या अंगावर वलं पोतं टाकून राह्यचे हे,’ त्या मला सांगायच्या. ‘मला कधी एक छत्री आणली का, इचारा की तुमच्या साडूला, पाव्हणे!’ मी विचारायचो आणि साडू खरोखरच विचारात पडायचे.

निवृत्त झाल्यावर साडूंनी भांडं दवाखान्यात जमा केलं आणि महिन्याभरात ही कार घेतली. कशासाठी घेतली, हे त्यांनी मला गाडीच्या पूजेच्या दिवशी, चाकाखाली ठेवलेल्या लिंबाकडे बघत सांगितलं. ‘तेहतीस वर्षं ती एसटीच्या दांड्याला लटकून फिरली, सर. आता तिला शेजारी बसवून नेणार. जिथं म्हणन तिथं.’ मला त्यांच्याबद्दल एकदम फार माया वाटली. उभ्या आयुष्यात या माणसानं स्वतःसाठी काही मागितलेलं मी ऐकलं नव्हतं, आणि आता मागणं होतं ते एवढंच, की बायकोनं शेजारी बसावं. आक्का त्या गाडीत एकदा बसल्या. त्यानंतर चार वर्षं बसल्या नाहीत. त्या का बसल्या नाहीत हे सांगण्याआधी साडू कार कशी चालवतात ते सांगायला पाहिजे, नाहीतर आक्कांवर अन्याय होईल.

साडू कार चालवायला निघतात तेव्हा आधी डोक्याला रुमाल बांधतात. कानावरून घेऊन हनुवटीखाली गाठ, वरून गॉगल. गाडीच्या चारी काचा बंद, आत गार वारा सुरू, आणि हे धुळीपासून बंदोबस्त करून बसलेले. मी एकदा म्हटलं, ‘अहो, आत धूळ कुठून येणार?’ तर म्हणाले, ‘आष्टीच्या रोडचा काही भरोसा न्हाई, सर.’ दिवस मावळायच्या वेळी ते बोलायचे बंद होतात. तोंड गच्च मिटतात आणि डोळे बारीक करतात, कारण त्या वेळेला चिलटं फार असतात. रस्त्यावर बाभळीची फांदी खाली आलेली दिसली की ते मान खाली घालतात, आणि ती घालताना स्टिअरिंगवर कपाळ टेकल्यामुळे हॉर्न वाजतो. वळण आलं की सगळं अंग त्या बाजूला झोकून देतात. वर आमच्याकडे संशयानं बघतात, कारण आम्ही ताठ बसून गाडीचा तोल बिघडवत असतो. जालन्याच्या सिग्नलला गाडी थांबली की ते दार उघडून उजवा पाय रस्त्यावर टेकवतात. पाय टेकला नाही तर गाडी आडवी होईल अशी त्यांच्या मनाला अजून धास्ती आहे. एकदा ट्रॅफिक पोलिसाला वाटलं, साहेब उतरून आपल्याशी भांडायला येताहेत. तो बिचारा आधीच दोन पावलं मागे सरकला. साडूंनी त्याला नमस्कार केला, हिरवा दिवा लागल्यावर पाय आत घेतला आणि दार लावून शांतपणे निघाले.

पण सगळ्यांत अवघड सवय म्हणजे हाताची. दर तीन-चार किलोमीटरला त्यांचा डावा हात आपोआप मागे जातो आणि भांडं जागेवर आहे का ते चाचपतो. डोळे रस्त्यावर, चेहरा गंभीर, आणि हात मागे. हाताला जे लागेल ते हलकं दाबून, थोडं हलवून बघायचं आणि समाधान झालं की हात परत पुढे. धाकट्या मुलीचं लग्न जमलं तेव्हा वडीगोद्रीच्या व्याह्यांना आणायला हीच गाडी गेली होती. व्याही मागच्या सीटवर मधोमध बसलेले. वडीगोद्री ते परतूर या प्रवासात साडूंनी त्यांचा गुडघा कमीत कमी बारा वेळा दाबला आणि हलवून पाहिला. मी शेजारी बसून घामाघूम! सोयरीक मोडते की काय म्हणून मी उगीच पावसापाण्याच्या गोष्टी काढत होतो. परतूरला उतरल्यावर व्याह्यांनी मला बाजूला घेतलं. त्यांचे डोळे पाणावले होते. म्हणाले, ‘सर, व्याही लई पाहिले, पण एवढा मायाळू माणूस न्हाई पाहिला. तोंडानं एक शब्द बोलले न्हाईत, पण रस्ताभर धीर देऊन राह्यले.’ ही सोयरीक पुढे उत्तम निभावली. व्याह्यांना खरी गोष्ट अजून कुणी सांगितलेली नाही, आणि तुम्हीही सांगू नका.

गाडीची रुंदी हा साडूंच्या लेखी वादाचा विषय आहे. त्यांच्या मते कुठलीही गाडी हँडलएवढीच रुंद असते. वाटूरच्या बाजारात कापसाचा ट्रॅक्टर आणि भज्याचा गाडा यांच्यामधून ते गाडी घालायला निघाले तेव्हा मी ओरडलो. ‘निघती, सर, आरसे मिटवले की बराबर निघती,’ असं म्हणत त्यांनी घातलीच. ती निघाली नाही. आम्हाला डिकीतून बाहेर पडावं लागलं आणि भजीवाल्यानं आम्हाला बसायला स्टूल दिलं. ओळखीचा माणूस मोटारसायकलवर भेटला की साडू त्याच्या बरोबरीनं गाडी लावतात, काच खाली करतात आणि त्याच्या वेगानं चालत त्याच्याशी बोलतात. ‘म्हैस काय म्हणती? खाऊन राह्यली का?’ मागे दहा गाड्या हॉर्न वाजवत असतात. म्हशीची पूर्ण हकीकत ऐकल्याशिवाय ते पुढे जात नाहीत. पेट्रोल किती उरलं ते बघायला काटा असतो, त्यावर त्यांचा विश्वास नाही. ते खाली उतरून दोन्ही हातांनी गाडी गदागदा हलवतात आणि टाकीला कान लावून आतलं पेट्रोल कसं डुचमळतं ते ऐकतात. आणि गाडी उभी करायची तर एका बाजूची चाकं ओट्यावर नाहीतर दगडावर चढवून, थोडी कलती. सरळ उभी केलेली गाडी त्यांना बेवारस वाटते.

आता आक्कांच्या त्या एकुलत्या एका प्रवासाबद्दल. श्रावणातला सोमवार होता आणि आमच्याकडे जालन्याला सत्यनारायण होता. आक्का नवी हिरवी साडी नेसून, गजरा माळून साडूंच्या शेजारी बसल्या. शेजारपाजारच्या बायका बघायला दारात आल्या होत्या. परतूर सोडल्यावर वळणं आली, साडू झुकले, आक्कांनी देवाचं नाव घेतलं. चिलटं नव्हती, फांद्या नव्हत्या. वाटूरच्या अलीकडे एका ओढ्यावरून पाणी वाहत होतं, घोट्याएवढंच. मोटारसायकलवर असं पाणी आलं की पाय भिजू नयेत म्हणून दोन्ही पाय वर उचलून धरतात, हे तुम्हालाही माहीत असेल. साडूंनी तेच केलं. कारमध्ये दोन्ही पाय वर! गाडीनं एक गचका दिला आणि ती ओढ्याच्या मधोमध बंद पडली. आक्कांचं डोकं पुढे आदळलं, गजरा सुटला, मांडीवरचं पंचामृताचं दही सगळं हिरव्या साडीवर सांडलं. एवढं सगळं झालं तरी आक्कांनी ते पोटात घातलं असतं. पण त्या क्षणी आमचे साडू शेजारी बघायचं सोडून गर्रकन मागे वळले आणि रिकाम्या सीटकडे बघून ओरडले, ‘पडलं तर न्हाई ना?’

आक्का तिथंच उतरल्या. हातात चपला घेऊन ओढ्यातून चालत वाटूर फाट्याला आल्या आणि एसटीनं आमच्या घरी पोचल्या. दह्यानं माखलेल्या साडीनंच पूजेला बसल्या. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, ‘मी इथं शेजारी बसलेली, पाव्हणे. टेंगूळ आलं मला. अन् हा माणूस मागं बघून राह्यला. सवत गेली तरी जागा तिचीच हाय. ऱ्हाऊ द्या, आपली एसटी बरी.’ त्या रडल्या नाहीत, पण प्रसादाचा शिरा त्यांनी खाल्ला नाही, आणि आक्का शिरा सोडतात म्हणजे प्रकरण गंभीर असतं. साडू अर्ध्या तासानं आले. दाराबाहेरच गाडी ओट्यावर कलती करून, रुमाल न सोडता बसून राहिले. मी पाणी घेऊन गेलो तर म्हणाले, ‘सर, मला म्हायती होतं ती शेजारी हाय म्हणून. मान आपोआप मागं गेली. मानेला कोण सांगणार?’

त्या दिवसापासून साडूंनी स्वतःला सुधारायचा पण केला. साठीच्या पुढचा हा माणूस परतूरच्या मोटार ट्रेनिंगच्या क्लासला जाऊ लागला, कॉलेजच्या पोरापोरींबरोबर. शिकवणाऱ्या मास्तरानं आठ दिवसांत हात टेकले. म्हणाला, ‘काका, तुम्ही शिकायचं सोडा. तुमच्याबरोबर मीच वळणावर झुकायला लागलोय.’ मग साडूंनी मीच मध्यस्थी करावी असं ठरवलं. दर भेटीला मी आक्कांकडे शब्द टाकायचा आणि आक्कांनी तो झटकून टाकायचा, असं चार वर्षं चाललं. आक्का तोंडानं वाकडं बोलत नसत. नवऱ्याच्या गाडीचं फडकं त्याच धुऊन देत, निघताना पाण्याची बाटली त्याच भरून देत, आणि मग पिशवी उचलून एसटी स्टँडकडे चालू लागत. साडू गाडी हळूहळू चालवत त्यांच्या मागे स्टँडपर्यंत जात. आक्का एसटीत बसल्या की हे घरी परत येत. एकदा हे दृश्य मी पाहिलं, आणि नंतर दोन दिवस बायकोशी फार चांगलं वागलो.

हे असंच शेवटपर्यंत चालायचं, अशी माझी खात्री झाली होती. तेवढ्यात मागच्या हिवाळ्यात एक गाय अडली. मी रविवारचा परतूरला गेलो होतो. आम्ही ओसरीत पोहे खात होतो आणि साडूंचा फोन वाजला. आष्टीच्या पुढच्या एका गावातून एक म्हातारी बोलत होती. गाय सकाळपासून वेणा देऊन राह्यली, वासराचा एकच पाय दिसतोय, नवे डॉक्टर रजेवर, दुसरे यायला दुपार होईल. ‘तुमी या, डॉक्टर. जल्दी या. गाय आता बसली खाली.’ साडू ताटावरून उठले. निवृत्तीनंतर ते कुणाच्या जनावराला हात लावायचे नाहीत, पण गाय खाली बसली म्हटल्यावर त्यांचा चेहराच बदलला. ‘सर, चला,’ ते म्हणाले. ‘गाय धरायला माणूस लागन. तिच्या घरी दुसरं कोणी न्हाई.’

माझ्या हातातला घास हातातच राहिला. मी व्याकरण शिकवणारा माणूस, कोंबडी कापलेली बघितली तरी मला गरगरतं. मी काहीतरी पुटपुटलो. आक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचं माहेर शेतकऱ्याचं, दावणीला आठ-दहा जनावरं पाहतच त्या मोठ्या झालेल्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं, पदर खोचला आणि म्हणाल्या, ‘हे पाव्हणे काय गाय धरणार? ह्यांनाच धरावं लागन. चला, मी येते.’ आणि कुणी काही बोलायच्या आत जाऊन गाडीत, पुढच्या सीटवर बसल्या. साडू चावी हातात घेऊन नुसते उभे. ‘अहो, गाय खाली बसली ना?’ आक्का आतून ओरडल्या, तेव्हा कुठं ते हलले. मी मागे बसलो. त्या दिवशी साडूंनी रुमाल बांधला नाही, विसरलेच.

गोठ्यातलं फार सांगत नाही, कारण मी निम्मा वेळ डोळे मिटून होतो. वासराचा पुढचा एक पाय आत दुमडला होता. साडूंनी खांद्यापर्यंत हात धुतला, तेल लावलं आणि वासरू आत ढकलून तो पाय हळूहळू सरळ केला. आक्का गाईचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि तिच्याशी बोलत होत्या, ‘झालं माय, झालं बिलकुल, थोडंच ऱ्हायलं.’ साडू मधेच म्हणत, ‘घट धर,’ आणि आक्का म्हणत, ‘धरलंय, तुमी तुमचं बघा.’ मी डोळे उघडले तेव्हा तांबडी कालवड गोणपाटावर पडलेली होती आणि साडू तिच्या नाकातला चिकटा बोटानं काढत होते. म्हातारी भिंतीला टेकून रडत होती. तिच्या घरात ती आणि ती गाय, दोघीच.

हातपाय धुऊन झाले, चहा आला. एव्हाना गोठ्यापुढे आजूबाजूच्या बायका जमल्या होत्या. म्हातारीनं आक्कांना निरखून बघितलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, ह्या कोण म्हनायच्या?’

साडू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, ‘आमच्या घरच्या.’

‘अगं बया! आक्काबाई?’ म्हातारीनं दोन्ही हात गालाला लावले. ‘ज्यांना घोसाळ्याची भजी लई आवडत्यात, त्या?’

आक्का चमकल्या. दुसरी एक बाई पुढे सरकली. ‘अन् उन्हात गेल्या की ज्यांचं अर्धं डोकं दुखतं! आता बरं हाय का वो? मी त्या वक्ताला डॉक्टरांकडं सुंठ दिल्ती, लावली का न्हाई?’ तिसरीला आक्का मॅट्रिकला तालुक्यात वरच्या नंबरानं पास झाल्याचं माहीत होतं. चौथीला धाकटी पोटात असताना आक्कांना सलग दोन महिने झालेला त्रास माहीत होता. एका बाईनं तर सांगितलं, ‘आमच्या सासूनं मला शिकवलं, की डॉक्टरांच्या आक्काबाईवानी कैरी वाळवायची, म्हंजी लोणचं वर्षभर टिकतं.’ मी चहाची बशी हातात धरून ऐकत होतो. तेहतीस वर्षं हा माणूस गोठ्यागोठ्यात बसून, पाणी गरम होईपर्यंत, चहा होईपर्यंत, गाय उठेपर्यंत, फक्त बायकोबद्दल बोलत होता. घरात दिवसाला दहा शब्द बोलणारा माणूस! आक्का कधी या बाईकडे बघत होत्या, कधी त्या बाईकडे.

आता पहिल्यांदाच दारी आलेली सवाशीण मोकळी कशी जाणार? आक्कांना पाटावर बसवलं, म्हातारीनं शेजारणीला पुढे करून हळदीकुंकू लावायला लावलं, खण-नारळानं आणि गव्हानं ओटी भरली. ते होतं न होतं तो दुसऱ्या घरचं बोलावणं, मग तिसऱ्या. ‘आमच्या म्हशीला डॉक्टरांनी वाचवलं, अन् आक्काबाई आमच्या दारावरून जाणार का?’ अकरा घरी ओटी भरली. गाडीच्या मागच्या सीटवर नारळ, खण, गहू, एक लाल भोपळा आणि त्या सगळ्यांच्या मधे मी, अशी आमची परतीची मांडणी झाली. आक्का पुढे बसल्या. त्यांच्या कपाळावर एवढं कुंकू होतं की नाकावर सांडलं होतं, आणि त्यांनी ते पुसलं नाही.

आष्टी मागे पडली. मग आक्का समोर बघतच म्हणाल्या, ‘घरी दोन शब्द बोलायला काय झाल्तं?’

साडूंनी गाडी हळू केली. ‘घरी तू समोर असतीस की,’ ते म्हणाले. ‘मंग काय सांगायचं? तू नसल्यावर सांगून राह्यलो.’

‘एकदा तरी आणायचं होतं मला इकडं.’

‘जागा न्हवती,’ साडू म्हणाले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर तुरीची शेतं होती, कापूस वेचणाऱ्या बायका होत्या. परतूर चार-पाच किलोमीटर राहिलं तेव्हा आक्कांनी विचारलं, ‘गावं किती होती तुमच्याकडं?’

‘बावीस.’

‘मंग आज एक झालं,’ आक्का म्हणाल्या.

तेव्हापासून महिन्यातून एका रविवारी दोघं निघतात. साडूंच्या गाडी चालवण्यात काडीचाही फरक पडलेला नाही, आणि आक्का त्यांना शिव्या घालायच्या थांबलेल्या नाहीत. पण त्या शिव्या आता शेजारी बसून घालतात, त्यामुळे साडूंचं वजन वाढलं आहे. गावात पोचलं की साडू जनावरांकडे जातात आणि आक्का बायकांकडे. नवऱ्यानं गावाला काय काय सांगून ठेवलंय, ते सगळं त्या शांतपणे गोळा करतात. कुठल्या गावात त्यांना कळलं की आक्कांच्या आईच्या तेराव्याला साडू एका गोठ्यात बसून ढसाढसा रडले होते. कुठल्या गावात कळलं की थोरलीच्या वेळी आक्का दवाखान्यात होत्या तेव्हा या माणसानं दिवसभर घास घेतला नव्हता. हे सगळं त्यांना तेव्हा घरात कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला राहून राहून वाटतं. वाईटही वाटतं. पण आक्का तक्रार करत नाहीत. गाडीत बसल्या की पदर सारखा करतात आणि एकदम ‘हळू चालवा, मेलात!’ असं ओरडतात.

परवाच्या रविवारी मी त्यांच्याबरोबर नवव्या गावाला गेलो होतो. परत येताना मी हिशेबी माणसासारखं बोलून गेलो. म्हटलं, ‘आक्का, महिन्याला एकच गाव काय? दर रविवारी निघालात तर तीनेक महिन्यांत बावीसच्या बावीस पुरी होतील.’

‘अन् मंग?’ आक्का वळून म्हणाल्या. ‘पुरी झाल्यावर काय करायचं, पाव्हणे? पुन्हा घरात एकमेकांची तोंडं बघत बसायचं?’ त्या हसल्या, पण ते हसणं अर्ध्यातच राहिलं. दोघांचंही वय झालं आहे. आक्कांना हल्ली गाडीतून उतरताना दाराला धरून थोडं थांबावं लागतं, आणि ते साडूंना दिसतं हे मलाही दिसतं.

साडू घसा साफ करून म्हणाले, ‘बावीस म्हंजी कागदावरची गावं, सर. वाड्या-वस्त्या मी त्यात धरल्याच न्हाईत.’

आक्कांनी मान वळवून नवऱ्याकडे बघितलं. ‘त्या किती हायत?’

‘लई हायत,’ साडू म्हणाले. ‘एकदा फिरून मोजाव्या लागतील.’